आज्ञा-ओळ आणि दृष्टिहीन वापरकर्ता : ‘वापरसुलभते’चा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर ओलांडले की वांगणी स्थानक लागते. अंबरनाथ तालुक्यातील हे गाव तेथे स्थायिक झालेल्या अनेक दृष्टिहीन कुटुंबांमुळे ओळखले जाते. मुंबईच्या मानाने परवडणारे घरभाडे आणि हाताशी असलेली लोकल ही त्यामागील प्रमुख कारणे होत. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून किंवा गाऊन चरितार्थ चालविणारे यांत बरेच आहेत. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्थानकात एका दृष्टिहीन मातेचे मूल रुळांवर पडले. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचविले, तेव्हा वांगणीचे नाव देशभर पोहोचले.

उपनगरी स्थानकांत गाडीची माहिती दोन मार्गांनी मिळते : इंडिकेटरवरील अक्षरांतून आणि ध्वनिक्षेपकावरील उद्घोषणेतून. इंडिकेटर एका नजरेत सर्व काही सांगतो, पण केवळ डोळसांना. उद्घोषणा एका ओळीत, ठरलेल्या क्रमाने बोलते. ऐकणाऱ्याला पुढे कोणता तपशील येणार हे आधीच ठाऊक असते. संगणकाच्या इतिहासातही हेच दोन मार्ग दिसतात : चित्रमय पडदा आणि आज्ञा-ओळ, म्हणजेच कमांड लाइन. वांगणीतील रहिवाशांच्या संगणकवापराचे सर्वेक्षण हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ‘वापरसुलभ’ हे विशेषण आपण कोणासाठी वापरतो, हा प्रश्न या गावाच्या निमित्ताने इतिहासाला विचारण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आज्ञा-ओळीची जडणघडण

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीच्या कामास प्रारंभ केला. त्या काळी संगणकाशी संवाद टेलिटाइप यंत्रावर होत असे. आज्ञा कळफलकावर टंकायची आणि उत्तर कागदावर उमटायचे. यंत्र संथ असल्याने आज्ञांची नावे आखूड व उत्तरे मोजकी ठेवण्याकडे कल होता. काम निर्विघ्न पार पडले तर काहीही न बोलणे, हा शिष्टाचार या वातावरणात रुजला. १९७१ मध्ये प्रणालीची पहिली पुस्तिका सिद्ध झाली. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून ‘पाइप’ची सोय आली आणि एका साधनाचे उत्तर थेट दुसऱ्या साधनाला देणे शक्य झाले.

मात्र या मितभाषीपणाचे दोषही होते. युनिक्सचा ‘एड’ हा संपादक चूक झाल्यावर केवळ एक प्रश्नचिन्ह छापत असे. चूक कोणती, हे वापरणाऱ्यानेच ओळखायचे. पुढे ग्नू प्रकल्पाने प्रत्येक साधनाने मागितल्यावर साहाय्य व आवृत्ती सांगावी, तसेच पर्यायांना पूर्ण शब्दांची नावे असावीत, असा दंडक घातला. आज्ञा-ओळ वापरसुलभ व्हावी यासाठी झालेल्या प्रयत्नांत याचे महत्त्व मोठे आहे.

चित्रमय पडद्याचे आगमन

डॉसच्या पडद्यावर साधारणतः ८० अक्षरांच्या २५ ओळी असत. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठविलेली असल्याने ती वाचून उच्चारणारी आज्ञावली लिहिणे तुलनेने सोपे होते. ‘जॉज’ हे पडदावाचक सॉफ्टवेअर १९८९ मध्ये डॉससाठीच प्रथम अवतरले. कळफलक आणि कृत्रिम वाणी यांच्या आधारे दृष्टिहीन व्यक्ती डोळस सहकाऱ्याच्या बरोबरीने काम करू शकेल, अशी ही स्थिती होती.

१९८४ चा मॅकिंटॉश आणि १९९० चे विंडोज ३.० यांनी हे चित्र पालटले. अक्षरांच्या जागी ठिपके आले, आज्ञेच्या जागी माउसचा निर्देश आला. डोळसांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. दृष्टिहीनांसाठी मात्र पडदा अकस्मात मुका झाला. विंडोजसाठीचे ‘जॉज’ येण्यास १९९५ साल उजाडावे लागले. ज्या बदलाला जगाने ‘वापरसुलभ’ म्हटले, त्याच बदलाने एका वर्गाच्या हातची साधने काही काळ काढून घेतली, ही बाब संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदविली जाते.

पुण्याचा विद्यार्थी आणि बोलका संपादक

या प्रश्नाचे एक मूलगामी उत्तर महाराष्ट्रात शिकलेल्या संशोधकाने दिले. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन त्यांनी आय.आय.टी. मुंबई येथे गणित व संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथील प्रकल्पासाठी त्यांनी गणिती वक्ररेषा ध्वनीच्या साहाय्याने ऐकविणारी ‘कॉन्ग्रॅट्स’ ही आज्ञावली रचली. कॉर्नेल विद्यापीठातील त्यांचा १९९४ चा प्रबंध गणिती लेखन श्राव्य रूपात मांडण्याविषयी होता.

१९९५ मध्ये रामन यांनी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केले. सामान्य पडदावाचक पडद्यावर जे दिसते ते वाचतो. ईमॅकस्पीक मात्र ईमॅक्स संपादकाच्या आतच जोडले गेल्याने त्याला मजकुराचा अर्थ ठाऊक असतो. दिनदर्शिकेचे उदाहरण बोलके आहे. पडदावाचक तेथे अंकांची रांग वाचत सुटतो, ईमॅकस्पीक निवडलेला वार, दिनांक, महिना व वर्ष सांगते. आज्ञावलीतील शब्दांचे प्रकार डोळसांना रंगांनी कळतात. येथे ते आवाजाच्या बदलाने कळतात. दृश्याचे वर्णन करण्याऐवजी मूळ माहितीलाच श्राव्य रूप देणे, हे या रचनेचे मर्म होय.

आजची स्थिती

यावरून आज्ञा-ओळ आपोआपच दृष्टिहीनांना अनुकूल असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०२१ मध्ये गूगलमधील संपत, मेरिक व मॅकव्हीन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दृष्टिहीन विकासकांच्या अडचणी पुढे आल्या. अक्षरे असली तरी त्यांना रचना नसते. लांबलचक उत्तरातून हवी ती ओळ शोधणे, रकाने जुळवून मांडलेली कोष्टके समजून घेणे आणि सतत बदलणारा प्रगतिदर्शक ऐकणे त्रासदायक ठरते. टेलिटाइपच्या काळातील मितभाषी साधने मागे पडून रंग, चौकटी व फिरती चिन्हे यांनी सजलेली साधने वाढत आहेत. म्हणजेच चित्रमय पडद्याची चूक आज्ञा-ओळीवरही घडू लागली आहे.

दुसरीकडे साधने स्वस्त झाली आहेत. २००६ पासून उपलब्ध असलेला ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक विनामूल्य आहे, तर ‘ईस्पीक एनजी’ ही मुक्त वाणीप्रणाली मराठीही उच्चारते.

निष्कर्ष

१. वापरसुलभता हा साधनाचा निरपेक्ष गुण नव्हे. ती साधन आणि विशिष्ट वापरकर्ता यांच्यातील नाते आहे.

२. आज्ञा-ओळीचे साधन घडविताना उत्तराचा क्रम निश्चित ठेवणे, चुकीचे कारण पूर्ण वाक्यात सांगणे, केवळ रंगावर अर्थ न सोपविणे, सजावट बंद करण्याची सोय देणे आणि तेच उत्तर साध्या मजकुरात उपलब्ध करणे आवश्यक आहे. यांतील बरेचसे डोळसांच्याही हिताचे आहे.

३. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची आज्ञावली तपासताना ती एकदा पडदा बंद करून ऐकावी. या चाचणीस खर्च नाही आणि तिच्यातून होणारे शिक्षण व्याख्यानातून साधणारे नाही.

वांगणीच्या फलाटावर उभ्या असलेल्या दृष्टिहीन प्रवाशाला इंडिकेटर कितीही आकर्षक केला तरी उपयोग नाही. त्याला उद्घोषणा वेळेवर, स्पष्ट आणि ठरलेल्या क्रमाने हवी असते. संगणकाची साधने घडविणाऱ्यांकडूनही त्याची अपेक्षा याहून वेगळी नाही. त्याच्या पुढच्या पिढीतील मुले आपल्या वर्गांत दाखल होतील, तेव्हा आपली प्रयोगशाळा त्यांच्याशी बोलू शकेल की नाही, याचे उत्तर मात्र अध्यापकांनाच द्यावे लागेल.