जुनें यंत्र आणि नवें इंधन

एखादी जुनी मोटारसायकल अडगळींतून बाहेर काढून पुन्हां चालती करण्याचा छंद पुष्कळांना असतो. तिची चौकट घासून रंगवितां येते, क्रोमियमचा मुलामा नव्यानें देतां येतो, झिजलेला पिस्टन बदलतां येतो. इतकें सर्व करूनहि गाडी सुरू होत नाहीं. झालीच तर मैल दोन मैल जाऊन गुदमरते व थांबते. मग सारा दोष कार्ब्युरेटरच्या माथीं मारला जातो. त्यांत तथ्य असतें, पण तें अर्धेंच. यंत्राचे भाग जपून ठेवतां येतात. परंतु ज्या पेट्रोलवर चालण्यासाठीं तें यंत्र घडविलें गेलें, तें पेट्रोल बाजारांतून केव्हांच नाहींसें झालेलें असतें. जुन्या मोटारसायकलीच्या जीर्णोद्धारांतील खरी अडचण ही आहे, आणि तिचा इतिहास मोटारसायकलीइतकाच जुना आहे.

जर्मनींत कान्स्टाट येथें गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं लाकडी चौकटीच्या दुचाकीवर सुमारें अर्ध्या अश्वशक्तीचें एंजिन बसविलें. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलींत हिलाच पहिलेपणाचा मान देतात. तिच्या कार्ब्युरेटरमध्यें जेटहि नव्हतें आणि सुईहि नव्हती. इंधनाच्या पृष्ठभागावरून जाणारी हवा त्याची वाफ उचलून सिलिंडरांत शिरे. अशा रचनेला चटकन उडून जाणारें हलकें इंधनच मानवे, आणि तें त्या काळीं औषधांच्या दुकानांत मिळे. १८८८ च्या ऑगस्टमध्यें कार्ल बेंझची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांसह तीनचाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, तेव्हां तिनें वाटेंत वीसलोख गांवच्या औषधविक्रेत्याकडून लिग्रोइन विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली असतां ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, असें सांगतात. तुंबलेल्या नळीचा त्रास हा असा मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासापासूनचा सोबती आहे.

केवळ वाफेवर विसंबून राहण्याची ही पद्धत मागें पडली ती १८९३ सालच्या एका शोधामुळें. हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं आणि जर्मनींत मायबाखनें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, इंधन बारीक छिद्रांतून फवारणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याचें तत्त्व साधें आहे. पिस्टन खालीं जातांना हवा आंत ओढली जाते. तिच्या वाटेंत एक अरुंद गळा ठेवला कीं तेथें हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. शेजारच्या लहानशा पेल्यांत पेट्रोल असतें आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी कायम राखतो. गळ्यांतील दाब उतरतांच तें पेट्रोल जेटमधून वर येतें व हवेंत त्याचा तुषार होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. एवढें नाजुक प्रमाण राखण्याचें काम टांचणीच्या जाडीच्या एका छिद्राकडे सोंपविलेलें असतें.

पुढें इंग्लंडांत अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो व बिंक्स या तीन कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अमाल कंपनी निघाली, आणि बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींवर तिचेच कार्ब्युरेटर दिसूं लागले. अमालच्या मुख्य जेटवरील आंकडा म्हणजे ठराविक दाबाखालीं त्यांतून मिनिटास किती घनसेंटिमीटर इंधन वाहतें याची नोंद होय. हा अर्थ ध्यानांत न घेतां तुंबलेलें जेट तारेनें कोरणारा माणूस कचरा काढतो खरा. पण छिद्र रुंद झालें कीं जेटवरचा आंकडा खोटा ठरतो. जेट योग्य द्रावणांत भिजवून हवेच्या झोतानें साफ करणें, हाच त्यावरील उपाय.

या कार्ब्युरेटरांत प्रत्येक भागाचें कार्यक्षेत्र ठरलेलें आहे. थ्रॉटल अष्टमांश उघडेपर्यंत मंदगतीच्या लहान जेटचा अंमल चालतो. तेथून चतुर्थांशापर्यंत सरकत्या झडपेच्या कापलेल्या कांठाचा. पुढें तीनचतुर्थांशापर्यंत निमुळत्या सुईचा. आणि त्यानंतर मुख्य जेटचा. म्हणून गाडी कोठें अडखळते हें पाहिलें कीं कोणता भाग उघडावयाचा तें कळतें. साक्षीला स्पार्क प्लग असतोच. तो काजळीनें काळा झाला तर पेट्रोल जास्त, पांढुरका पडला तर कमी, आणि फिकट तपकिरी असला तर मिश्रण बरोबर.

परंतु हे सर्व आंकडे ठरविले गेले ते त्या त्या काळच्या इंधनावरून. ब्रिटनमध्यें १९३९ पासून १९५३ पर्यंत सर्व कंपन्यांचें पेट्रोल एकत्र करून ‘पूल’ नांवाचें एकच हलकें पेट्रोल विकलें जाई. असलें पेट्रोल सिलिंडरांत फार दाबलें कीं अवेळीं भडकतें व एंजिन ठोके देतें. म्हणून त्या काळच्या सामान्य एंजिनांत दाब बेताचाच असे. ठोक्यांवर उतारा म्हणून अमेरिकेंत टॉमस मिजली यानें १९२१ सालीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालून पाहिलें. तो गुण जगभर घेतला गेला आणि त्याबरोबर विषहि घेतलें गेलें. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालीं बंद झाली. जगांत तें शेवटीं अल्जीरियांत २०२१ सालीं थांबलें. आजचें पेट्रोल ठोक्यांच्या बाबतींत जुन्या पेट्रोलहून सरसच आहे. कमी दाबाच्या जुन्या एंजिनाला महागडें उच्च ऑक्टेनचें पेट्रोल पाजून कांहींच लाभ होत नाहीं.

आजची अडचण निराळी आहे आणि ती मद्यार्काची. पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्यासाठीं भारतांत १९४८ सालींच एक कायदा झाला होता. पण देशव्यापी मिश्रणाचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्क्यांवर आणि २०२५ सालीं २० टक्क्यांच्या घरांत गेलें. परदेशी तेलावरील खर्च वांचवावा व उसाला गिऱ्हाईक मिळावें, हा त्यांतील हेतु. महाराष्ट्रांतील साखर कारखाने या मद्यार्काचे मोठे पुरवठादार आहेत. मद्रासजवळ १९५५ नंतर तयार होऊं लागलेल्या एनफिल्ड बुलेटच्या आरंभींच्या गाड्या मात्र असल्या मिश्रणासाठीं घडविलेल्या नव्हत्या. नव्या गाड्यांत इंधनाचें माप विजेवर चालणारें यंत्र ठरवितें. १ एप्रिल २०२० च्या धूरनियमांनंतर मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या गाडीचें जेट मात्र आपलें माप आपण बदलूं शकत नाहीं.

मद्यार्काच्या एका भागास हवा लागते सुमारें ९ भाग. २० टक्क्यांच्या मिश्रणाला म्हणून साडेतेराच्या आसपास हवा पुरते. जुनें जेट पूर्वीइतकेंच द्रव सोडतें. परिणामीं मिश्रणांत हवा जास्त होते आणि एंजिन तापतें. शिवाय मद्यार्क पाणी शोषून घेतो. पाणी फार झालें कीं तो पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतो, तेथें गंज धरवितो, आणि जुन्या रबरी नळ्या व सील फुगवितो. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडींत उरलेलें पेट्रोल चिकट होऊन लहान जेट बुजवितें तें वेगळेंच.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम टाकी रिकामी करून तिच्यांतील गंज काढावा. नाहींतर स्वच्छ केलेला कार्ब्युरेटर आठवड्यांत पुन्हां भरतो. झांकणांतील हवेचें छिद्र मोकळें आहे ना हें पाहावें; तें बुजलें तर टाकींत निर्वात होऊन चांगली गाडीहि कांहीं मैलांवर थांबते. तोटींतील वाळलेलें बूच व जुन्या नळ्या बदलून मद्यार्क सोसणाऱ्या घालाव्या. फ्लोट फुटका नाहीं व सरकती झडप सैल नाहीं याची खात्री करावी. त्यानंतरच जेटला हात लावावा, आणि प्लगचा रंग पाहून गरज पडल्यास एक आंकडा मोठें जेट घालावें.

येथें शुद्धतेचे कैवारी हरकत घेतात. मूळच्या पुस्तिकेंत दिलेला जेटचा आंकडा बदलला तर गाडी अस्सल कशी राहिली, असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. १८८५ ची मूळ दुचाकी १९०३ सालीं कान्स्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगींत जळाली. संग्रहालयांतून दिसतात त्या तिच्या प्रतिकृति. जें गेलें त्याची प्रतिकृतीच करावी लागते, म्हणून जें हातीं आहे त्याचा एकेक स्क्रू जपण्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु जुन्या आंकड्याच्या हट्टापायीं तापून एंजिन जळालें, तर जपण्यासारखें कांहीं उरत नाहीं. कारखान्यांतील कारागिरानें तो आंकडा ठरविला तो त्याच्या काळच्या पेट्रोलवर एंजिन नीट चालावें म्हणून. आजच्या पेट्रोलवर तें नीट चालावें म्हणून आंकडा बदलणें, हें त्याच कारागिराचें काम पुढें चालविणें होय. मूळचें पितळी जेट फेंकूं मात्र नये. तें डबींत, त्यावरील आंकडा व बदलाची तारीख लिहून ठेवावें. पुढल्या पिढीचें इंधन आणखी निराळें असेल, आणि तेव्हां गाडी दुरुस्त करणाऱ्याला ही नोंद लागेल.