बर्मिंगहॅमचं कलादालन : पैसा कुणाचा, कला कुणाची?

लंडनच्या मोठ्या संग्रहालयांमागे सरकारी तिजोरी होती. बर्मिंगहॅम पडलं कारखान्यांचं शहर. तिथल्या पालिकेला ग्रंथालयं आणि संग्रहालयं यांच्यासाठी कर घेता यायचा तो पौंडामागे जास्तीत जास्त एक पेनी. कायद्यानेच तसं बांधून ठेवलेलं. आता एका पेनीत कलादालन कसं उभं राहणार?

वाट निघाली ती गॅसमधून. १८७५ साली महापौर जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने खाजगी गॅस कंपन्या पालिकेने विकत घेतल्या. दिव्यांचा नफा शहराकडे येऊ लागला. १८८० मध्ये टँगी बंधू या कारखानदारांनी कलावस्तूंच्या खरेदीसाठी १०,००० पौंड देऊ केले. मात्र पालिकेने योग्य जागा द्यावी, ही अट घातली. मग काय झालं? गॅस समितीने स्वतःच्या कचेऱ्या बांधल्या आणि वरच्या मजल्यावर कलादालन! खाली गॅसचा कारभार, वर चित्रं. १८८५ मध्ये ते लोकांना खुलं झालं. तिथल्या एका शिळेवर कोरलंय, त्याचा अर्थ असा, की उद्योगाच्या नफ्यातून आम्ही कलेला उत्तेजन देतो.

हे वाक्य अभिमानाचं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. कुणा राजाच्या मेहेरबानीवर न विसंबता गावाने स्वतःसाठी केलेली ही सोय होती.

पण आत गेलात की सुलतानगंजचा बुद्ध नक्की बघा. तांब्याची, साडेसात फूट उंचीची, ५०० किलोंहून जड मूर्ती. उजवा हात अभयमुद्रेत. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. १८६१ मध्ये बिहारमध्ये गंगेकाठी रेल्वेचं काम चालू असताना ती जमिनीखाली सापडली. लोखंडी मालाचे व्यापारी आणि बर्मिंगहॅमचे माजी महापौर सॅम्युअल थॉर्नटन यांनी ती आणवली आणि १८६४ मध्ये शहराला देऊ केली. म्हणजे आजच्या इमारतीच्या एकवीस वर्षं आधीच बुद्ध तिथे पोचले होते!

तेव्हा शिळेवरचा तो 'उद्योग' फक्त बर्मिंगहॅमच्या हद्दीतला नव्हता. रेल्वे बिहारच्या मातीत चालली होती, आणि त्या मातीतून निघालेली मूर्ती कुठे जाणार हे बिहारच्या लोकांना कुणी विचारलं नाही. गॅसच्या पैशाचा हिशेब गावाने चोख ठेवला. दुसरा हिशेब बाकी आहे. सार्वजनिक कलादालन म्हणताना त्यातलं 'सार्वजनिक' कुठपर्यंत पोचतं, हे त्या मूर्तीसमोर उभं राहून विचारायला हवं.