तळाचें बूच

१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांत असलेल्या आलापल्लीच्या रानांतलें सागवान पूर्वीं बैलगाडीनें निघे. चाकाची खीळ काढून आंसास वंगण लावणें गाडीवानास सोपें होतें. म्हणूनच तें वेळेवर घडे. मोटारींतहि प्रथम अशीच सोय होती. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'टी' गाडींत एंजिनाचें व गियरचें तेल एकच असे. तळाचें बूच काढलें कीं तें वाहून जाई.

१९३९ सालीं अमेरिकेंत 'हायड्रामॅटिक' ही आपोआप गियर बदलणारी पेटी बाजारांत आली. पुढें अशा अनेक पेट्यांचीं तळपात्रें बुचाशिवाय निघूं लागलीं. तेल बदलावयाचें तर भोंवतालचे सर्व बोल्ट सोडून भरलें पात्र उतरावें लागे. अवघड काम लांबणीवर पडतें, आणि जुन्या तेलानें आंतील चकत्या झिजतात.

म्हणून पिकअपचे मालक बुचाचें पात्र बसवूं लागले. चाळणी बदलण्यास तें उतरावें लागतेंच. पण तेल आधींच निथळलेलें असतें. मात्र अधिक तेल मावावें म्हणून पात्र फार खोल घेतल्यास भामरागडच्या रानवाटेवरील एखादा धोंडाहि तें फोडील. अशा वाटांवरील गाडीस उथळ पात्र आणि त्याच्या मागच्या अंगास बूच, एवढेंच पुरें.