खडकीचे सॅपर आणि जोखमीच्या निर्णयाचे कसब

साहसी खेळांच्या प्रशिक्षणशास्त्रात अलीकडे ‘व्यावसायिक निर्णयबुद्धी’ या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान मिळाले असून, पालटते हवामान, अनोळखी भूमी आणि सोबतच्या माणसांची कुवत यांचा एकाच वेळी अंदाज घेऊन पुढे जावे, थांबावे की माघारी वळावे हे ठरविण्याची प्रमुखाची क्षमता, असा तिचा अर्थ घेतला जातो. लोएल कॉलिन्स आणि डेव्ह कॉलिन्स या ब्रिटिश अभ्यासकांच्या मांडणीनुसार अशा निर्णयात दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असतात: आधी सावकाश, पर्याय तोलून केलेले नियोजन आणि प्रत्यक्ष कृतीच्या ओघात, अनुभवाच्या बळावर, त्या नियोजनात केलेला फेरबदल. ही मांडणी नवी असली तरी तिच्यामागचा व्यवहार जुना आहे, आणि पुण्यालगतच्या खडकीत तो लष्करी कसब म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आहे.

मराठी वाचकाला खडकी आठवते ती 5 नोव्हेंबर 1817 च्या लढाईमुळे. त्या दिवशी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील घोडदळ इंग्रजी पायदळावर चालून गेले, परंतु वाटेतील खोल दलदल वेळीच ध्यानात न आल्याने घोडे तीत रुतले आणि हल्ल्याचा जोर मोडला. जरीपटका सांभाळणारे मोरोपंत दीक्षित याच लढाईत पडले. पराभवाची कारणे अनेक होती आणि शौर्याची वाण नव्हतीच, पण पायाखालची जमीन आधी पारखली गेली नाही ही उणीव त्या दिवसापुरती निर्णायक ठरली, असे म्हणणे भाग आहे.

जमिनीची ही पारख हाच ज्यांचा धंदा, ते सॅपर पुढे याच खडकीत स्थिरावले. सॅपर म्हणजे शत्रूच्या तटापर्यंत चर खणत नेणारा आणि मायनर म्हणजे सुरुंग लावणारा सैनिक; रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा ही कामेही त्यांच्याकडेच आली. 1820 पासून आपला इतिहास सांगणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आजच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, केंद्र खडकीत आहे.

त्यांच्या विद्येचे स्वरूप दुसऱ्या महायुद्धात प्रचारात आलेल्या बेली पुलावरून स्पष्ट होते. दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि सुमारे 260 किलो वजनाची एक पोलादी चौकट सहा जण उचलतात. अशा चौकटी खिळींनी जोडत पूल एकाच काठावर उभा केला जातो आणि रुळांवरून पैलतीराकडे ढकलला जातो. पलीकडे टेकेपर्यंत त्याचे पुढचे टोक अधांतरी असते, म्हणून त्या बाजूला केवळ हलका सांगाडा ठेवून मागील भाग जड राखावा लागतो, कारण सगळ्या भाराचा गुरुत्वमध्य रुळांच्या पुढे सरकला तर अख्खा पूल माणसांसह नदीत कोसळू शकतो. किती चौकटी जोडायच्या याचे गणित आधीच झालेले असते, तथापि काठाची माती खचू लागली, वारा वाढला किंवा माणसे दमली, तर ढकलणे थांबविण्याचा हुकूम प्रमुखालाच द्यावा लागतो. जिथे थांबण्याचा हुकूम देणे भित्रेपणाचे मानले जात नाही, तिथेच असे काम सुरक्षित होते.

या कसबाची सर्वांत कठोर परीक्षा काश्मीरच्या युद्धात, एप्रिल 1948 मध्ये नौशेरा–राजौरी मार्गावर झाली. कारवारजवळच्या चेंडिया येथील आणि 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेले रामा राघोबा राणे हे रणगाड्यांसाठी वाट मोकळी करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे सहकारी पडले आणि ते स्वतः जखमी झाले, तरी त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याच्या खाली, त्याच्याच गतीने सरपटत ते भूसुरुंग शोधत आणि दोरी ओढून चालकाला थांबण्याची वा पुढे येण्याची खूण करीत. पुढे कुठे आडवे टाकलेले वृक्ष सुरुंगांनी उडवावे लागले, तर कुठे उद्ध्वस्त मोरीला वळसा घालणारी वाट काढावी लागली, आणि यांपैकी काय करायचे ते दर वळणावर जागीच ठरत गेले. राण्यांच्या धैर्याचा गौरव परमवीर चक्राने झाला आणि तो यथार्थच होय. मात्र त्या धैर्याला दिशा देणारी जी तांत्रिक समज होती, तिच्याकडे चरित्रकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शांततेच्या काळात हेच कसब खेळांकडे वळले. अभियंता दलाच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 1985 ते जानेवारी 1987 या काळात ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. खडकीच्या शेजारी दापोडीला, 1948 मध्ये रुडकीहून हललेल्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लष्कराचे नौकानयन केंद्र वाढले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2012 मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाले आणि वल्हे हाती धरण्यास सैन्यातच शिकून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावे आले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे ते एकेरीच्या अंतिम फेरीत सहावे, म्हणजे शेवटचे, आले. अशा थकलेल्या खेळाडूला दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसवावे काय, हा प्रश्न कोणत्याही कोष्टकाने सुटत नाही; तो प्रशिक्षकाच्या पारखीवर सोडावा लागतो. ते त्या नौकेत बसले आणि 24 ऑगस्ट रोजी चौघांनी सुवर्णपदक मिळविले.

खडकीच्या लिखित इतिहासात लढाईला आणि 1869 च्या दारूगोळा कारखान्याला हक्काची जागा आहे. तेथील हवालदार, सुभेदार आणि प्रशिक्षकांनी पुलाच्या काठावर किंवा नदीच्या पात्रात घेतलेल्या निर्णयांच्या कथा मात्र बहुतेक तोंडीच राहिल्या आहेत. ते निवृत्त सैनिक हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी मराठीत नोंदविण्याचे काम पुण्याच्या इतिहास अभ्यासकांनी आणि गिर्यारोहण संस्थांनी मिळून हाती घ्यावे.