काखेतला हिंगूळ : गोंदण, कर्करोग आणि हाताची सूज

मागच्या वेळी आम्ही हत्तीरोगाबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपलं, चहा झाला, आणि एक बाई आमच्यापाशी येऊन थांबल्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेली, डावा हात सुजलेला, त्यावर घट्ट बाही. त्यांनी विचारलं, "मला या हातावर गोंदवून घ्यायचंय. आईच्या हातावर होतं तसंच. चालेल का?" आम्ही तेव्हा एवढंच म्हणालो, की आधी डॉक्टरांना विचारा. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. कारण त्यांच्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो चांगलाच जुना आहे. आज तोच सांगतो.

सुरुवात बर्लिनपासून करू. रुडॉल्फ फिरखो हा पेशींचा अभ्यासक. त्याचं 'सेल्युलर पॅथॉलॉजी' हे पुस्तक 1858 साली आलं. त्यात त्यानं एका सैनिकाची काख दाखवलीय. सैनिकानं तरुणपणी दंडावर हिंगुळानं, म्हणजे लाल रंगानं, गोंदवून घेतलेलं. कित्येक वर्षांनी त्याच्या काखेतल्या लसिकाग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर त्यात लाल कण गच्च बसलेले! म्हणजे दंडावर टोचलेला रंग सगळाच दंडावर राहिला नव्हता. थोडा लसिकेबरोबर वर सरकला आणि ग्रंथीनं तो अडवून धरला. फिरखोनं यावरून म्हटलं, की ग्रंथी म्हणजे गाळणी आहे. चहाची गाळणी जशी चोथा अडवते, तशी.

आता या एका कल्पनेनं पुढं काय केलं ते बघा. अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. त्यांचा विचार असा, की कर्करोग स्तनातून लसिकेच्या वाटेनं पसरतो आणि काखेतल्या गाळणीत काही काळ अडकतो. मग गाळणीसकट सगळं काढून टाकलं, तर रोग मुळासकट गेला! 1894 साली त्यांनी 50 शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. स्तन, छातीचा मोठा स्नायू, काखेतली सगळी चरबी आणि ग्रंथी, हे सगळं एकाच तुकड्यात बाहेर. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर हीच पद्धत प्रमाण होती. त्यामुळे अनेक बायका वाचल्या, हे मान्यच करायला हवं. पण अनेकींचा हात सुजला, आणि एकदा सुजला की तो पूर्ववत होईना.

हॉलस्टेडना हे दिसत होतं. 1921 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी या सुजेवरच निबंध लिहिला आणि तिला हत्तीरोगाचंच नाव दिलं : शस्त्रक्रियेनं झालेला हत्तीरोग. आपल्याकडे श्लीपद म्हणतात त्यात डासातून आलेले कृमी लसिकेच्या वाटा बंद करतात. इथं सर्जनच्या सुरीनं वाटा तुटतात. हॉलस्टेडचा संशय जंतुसंसर्गावर होता, आणि तो आजही लक्षात ठेवावा असा आहे.

मधे एक गंमत सांगतो. 1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली यांनी गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची. म्हणजे एकीकडे काखेतली गाळणी काढायची शस्त्रक्रिया आकार घेत होती, आणि त्याच दशकात दुसरीकडे गाळणीत रंग भरायचं यंत्र तयार झालं! आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायका तेव्हाही हातानंच दोन-चार सुया एकत्र बांधून काजळी टोचत होत्या. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी समजूत. काखेपर्यंत तर ते नक्की येतं, हे फिरखोनं दाखवलंच.

आता या दोन वाटा एकत्र येतात कुठं? कातडीत. गोंदणाची सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते, आणि लसिकेच्या सगळ्यात बारीक नळ्या नेमक्या त्याच थरात सुरू होतात. रंग आत गेला की शरीरातल्या भक्षक पेशी तो गिळतात. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की या पेशी मेल्या तर रंग सुटतो, आणि तो पुन्हा शेजारची नवी पेशी गिळते. गोंदण टिकतं ते असं, हातोहात. उरलेला बारीक भाग लसिकेबरोबर वाहून जातो.

काखेतल्या ग्रंथी काढलेल्या किंवा रेडिएशननं आखडलेल्या असतील, तर त्या हाताचा निचराच मंदावतो. तिथं साचलेलं पाणी प्रथिनांनी भरलेलं असतं, आणि जंतूंना ते मानवतं. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पेशी जिथून जमायच्या, त्या ग्रंथीच कमी झालेल्या. अशा कातडीला यंत्रानं हजारो टोचे द्यायचे, म्हणजे जंतूंना हजारो दारं उघडून द्यायची. रंगापेक्षा भीती आहे ती सेल्युलायटिसची. हात लाल, गरम, दुखरा, थंडी वाजून ताप. एकेका संसर्गानं उरल्यासुरल्या नळ्याही खराब होतात आणि सूज कायमची एक पायरी वर चढते.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टर सगळ्यालाच नाही म्हणतात. तेही खरंच आहे हो! त्या हातानं वजन उचलू नका, रक्तदाब मोजू देऊ नका, विमानात बसू नका, अशी यादी पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती दिली गेली. त्यातलं बरंचसं तपासलेलंच नव्हतं. 2009 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत सूज असलेल्या 141 बायकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळून येणं कमी झालं. 2016 साली बोस्टनमध्ये 632 रुग्णांच्या हातांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब, विमानप्रवास, यांचा सूज वाढण्याशी संबंध दिसला नाही. सेल्युलायटिसचा मात्र दिसला. हॉलस्टेडचा संशय पंचाण्णव वर्षांनी पुन्हा समोर उभा राहिला!

पण यावरून 'मग गोंदणही चालेल' असं म्हणता येत नाही. रक्त काढायला एक सुई एकदा जाते. गोंदणात तीच कातडी तासभर टोचली जाते, मग आठवडे-दोन आठवडे ती जखम असते, आणि तिच्यावर घट्ट बाही चढवणंही अवघड.

म्हणून त्या बाईंना आमचं आजचं उत्तर असं : सुजलेल्या हातावर नको. त्या बाजूची छाती आणि पाठीचा वरचा भाग यांचा निचराही त्याच काखेकडे होतो, तेव्हा तिथंही डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय नको. उजवा हात आहे, पाय आहेत. केमोथेरपी चालू असताना किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना कुठंच नको. जत्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदतात, तिथं तर मुळीच नको. आणि कुठंही गोंदवलं तरी पुढं कधी ग्रंथींची तपासणी व्हायची असेल, तर सर्जनला गोंदणाबद्दल सांगून ठेवा. रंगानं काळी पडलेली ग्रंथी पाहून रोग पसरल्याची शंका आल्याच्या नोंदी आहेत.

त्यांना हवं होतं ते काय, हे आम्हाला नंतर उमगलं. रेडिएशनच्या वेळी नेम धरायला छातीवर शाईचे बारीक ठिपके टोचतात, कायमचे. म्हणजे गोंदण त्यांच्या अंगावर आधीच होतं, त्यांना न विचारता काढलेलं. अमेरिकन लेखिका डीना मेट्झगर यांचा स्तन 1977 साली काढला गेला. त्यांनी त्या व्रणावर झाडाची फांदी गोंदवून घेतली, दोन्ही हात पसरून उघड्या अंगानं फोटो काढू दिला, आणि त्याचं पोस्टर झालं. हेला हॅमिड यांनी काढलेलं ते छायाचित्र अजून पाहायला मिळतं.

त्या बाई आज इथं आल्यात. मघाशी दारातच त्यांनी सांगितलं, उजव्या मनगटावर घेणार आहेत म्हणून. आईची तुळस.