राष्ट्रकल्पना आणि सुप्याचे कागद

आधुनिक युरोपात राष्ट्रवादाच्या चिंतनाला एक दिशा दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्डरने लोकसमूहाचे सत्त्व त्याच्या भाषेत शोधले. 1882 साली सोरबोन येथील व्याख्यानात रेनाँने वंश, भाषा व धर्म हे आधार अपुरे ठरवून एकत्र राहण्याच्या इच्छेवर, समाईक स्मरणावर आणि विस्मरणावर राष्ट्र उभे केले. 1983 साली गेल्नरने औद्योगिक समाजाच्या प्रमाणित शिक्षणाला, तर अँडरसनने छापील भाषेच्या बाजारपेठेला राष्ट्रभावनेचे कारण मानले. सत्त्वाकडून इच्छेकडे आणि इच्छेकडून यंत्रणेकडे असा हा प्रवास आहे.

मराठीपुरते पाहता अँडरसनची मांडणी सहज पटते. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. बारामतीच्या मोरोपंतांची कविता तिच्यात भाषाभिमानाचा विषय झाली. छापील गद्याने अनोळखी वाचकांचा एक समाज घडवला, हे खरेच आहे.

परंतु 12 मे 1875 रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, आठवड्याच्या बाजारी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. या कागदांमागे आणखी एक कागद होता. शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 साली नवी जमीनमोजणी व आकारणी लागू केली होती. तीस वर्षांची मुदत संपताच 1867 साली तेथील सारा वाढवला गेला. मोजणीचे पत्रक, कर्जरोखा आणि मासिक ही तिन्ही एकाच काळाची कागदपत्रे होत. शिक्षित वाचकाला कागदाने समाज दिला. कुणब्याला बहुधा स्वतःला न वाचता येणारे बंधन दिले.

सुप्याच्या जमावात समाईक दुःखाचे स्मरण होते, एकत्र येण्याची इच्छाही होती. रेनाँच्या कसोट्या तेथे बऱ्याच अंशी पुऱ्या होतात. तरीही त्या घटनेस आपण 'दंगा' म्हणतो. तिचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकारांवर होता, म्हणून तिला निर्मळ लोकोत्थान ठरवणेही भाबडेपणाचे होईल. आपला कोण आणि परका कोण, ही रेषा तेथेही ओढली जात होतीच. प्रश्न एवढाच, की एका इच्छेला राष्ट्र आणि दुसरीला दंगा हे नाव कोण देतो?

हा प्रश्न जोतीराव फुले यांनी वेगळ्या अंगाने विचारला होता. 'शेतकऱ्याचा असूड' (1883) लिहिणाऱ्या फुल्यांनी त्यांच्या पश्चात 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त राष्ट्राची अट 'एकमय' लोक ही सांगितली. जातिभेदाने विभागलेल्या समाजात ती अट पुरी होत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. भाषा एक असूनही निबंधमालेचा वाचक आणि सुप्याचा ऋणको एकमय नव्हते. रेनाँची इच्छा आणि अँडरसनची कल्पना ही दोन्ही समतेच्या या पूर्वअटीला वळसा घालून पुढे जातात. आपल्या राष्ट्रवादाची समीक्षा तेथूनच सुरू व्हावयास हवी.