दुनळी बंदुकीवरील नक्षी आणि तिची साक्ष

जुन्या दुनळी बंदुकीची ओळख पटविण्याचा प्रसंग आला म्हणजे पाहणाराची दृष्टि प्रथम नक्षीवर जाते. कळेच्या पट्टीवर उडालेले तितर, त्यांच्यामागें धांवणारा कुत्रा, भोंवतीं वेलबुट्टी, आणि मध्यें वळणदार अक्षरांत कोरलेलें लंडनच्या एखाद्या कारागिराचें नांव. एवढें दिसलें कीं घरची मंडळी आणि व्यापारी दोघेहि समाधान पावतात. वस्तुतः बंदुकीच्या अंगावरील सर्व पुराव्यांत हें नांव सर्वांत लबाड असतें, आणि जी दुरुस्ती डोळ्यांस विद्रूप दिसते तीच पुष्कळदां खरें बोलते, असें आमचें मत आहे.

नांवाचेंच आधीं पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेल्जममधील लिएज शहर स्वस्त बंदुकींचें माहेरघर बनलें होतें. तेथील कित्येक बंदुकींवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असें नांव कोरलेलें आढळतें. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या नामांकित पेढीची गिऱ्हाइकास आठवण व्हावी, हा त्यांतील हेतु उघड आहे. मँटन या नांवाचाहि असाच विचार करावा लागतो. लंडनचा प्रसिद्ध कारागीर जोसेफ मँटन १८३५ सालीं वारला; बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणारें काडतूस इंग्लंडांत रूढ झालें तें १८६० नंतर. तेव्हां अशा काडतुसाच्या बंदुकीवर त्याचें नांव दिसलें, तर ती मूळची ठासणीची असून मागाहून पालटलेली असली पाहिजे, किंवा नांव तरी उसनें असलें पाहिजे.

अक्षरें अस्सल असूनहि वाचणारा फसतो, याचें उदाहरण आपल्या देशांतच आहे. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत युरोपी धर्तीच्या चकमकीच्या बंदुका होत, व त्यांवर वाघाचीं चिन्हें आणि फारशी लेख असत. १७९९ सालीं शहर पडल्यावर त्यांतील पुष्कळ इंग्लंडांत गेल्या. फारशी अक्षरें उजवीकडून डावीकडे लिहिलीं तरी अंक मात्र डावीकडून उजवीकडे लिहिण्याची वहिवाट आहे. टिपूनें नवा मौलूदी शक सुरू करतांना ही वहिवाटहि मोडली. त्यामुळें त्याच्या नाण्यांवर १२१५ हें वर्ष ५१२१ असें दिसतें. हें ठाऊक नसणारा त्या अंकांस निरर्थक म्हणेल, किंवा भलत्याच सनाशीं त्यांचें लग्न लावील.

मग विश्वास ठेवावा कशावर? नळ्यांच्या पोटाकडील बाजूवर. नळीखालचें लाकूड काढलें कीं तेथें सरकारमान्य कसोटीच्या खुणा दिसतात. कसोटी म्हणजे नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक दारू घालून नळी फुटते कीं काय तें पाहणें. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें कसोटीगृह १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालें. लिएजची खूण म्हणजे लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं अक्षरें व तारा. १८९३ पासून तिच्यावर मुकुट आला. म्हणजे पट्टीवर लंडन आणि पोटावर हें लंबवर्तुळ असेल, तर वाद तेथेंच मिटतो. मुकुट आहे किंवा नाहीं एवढ्यावरून काळाचाहि अंदाज बांधतां येतो. जोहरदार नळीची परीक्षाहि येथेंच करावी. खरा जोहर लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून व ठोकून उठतो, म्हणून तो लाकडाखालींहि तसाच चालू राहतो. नुसता वरून रंगवलेला जोहर तेथें पोंचलेला नसतो.

आतां पालटाकडे वळूं. आम्हांस हाच भाग सर्वांत मनोरंजक वाटतो. १८०७ सालीं फोर्सिथ या स्कॉच धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या दारूचा हक्क नोंदविला, आणि पुढें टोपीची बंदूक सर्वत्र पसरली. जुनी चकमकीची बंदूक टाकून देणें कोणास परवडत नसे. लोहार रंजकाची वाटी काढी, चकमक धरणारा घोडा बदली, आणि ज्या पोलादी पात्यावर चकमक आपटे त्याच्या स्क्रूंचीं छिद्रें बुजवी. बुजविलेल्या छिद्राभोंवतीं मूळची वेल अर्धवट तुटलेली असे; ती जोडण्यास दुसरा नक्षीदार येई, आणि त्याचा हात वेगळा असल्यामुळें पानें जाड वा उथळ उतरत. पुढें १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत फ्रेंच लेफोशोची मागून भरावयाची बंदूक आली. तिच्या काडतुसाची खिळी नळीच्या वरच्या कडेंतील खांचेंतून डोकावत असे. मध्यावर पेटणारें काडतूस आल्यावर अशा कित्येक नळ्यांच्या खांचा भरून घोडे पालटले गेले. भरलेली खांच बोटाला लागत नाहीं, परंतु उजेडांत तिरपी धरली असतां रंगाच्या फरकानें दिसते. एका बंदुकीच्या अंगावर अशा दोन पिढ्या वाचावयास मिळाल्या, तर आम्ही तिला अस्पर्शित बंदुकीपेक्षां मोलाची मानूं. बाजारभाव याच्या उलट असतो, हें आम्हांस ठाऊक आहे.

याच कारणास्तव घासूनपुसून नवी केलेली बंदूक पाहून खेद होतो. दसऱ्याच्या पूजेसाठीं हौसेनें कानशीनें वा खरकागदानें उजळलेल्या नळीवर मुकुट, अक्षरें, वेल, सारेंच पुसट होतें. आणि पुन्हां खोल कोरून घेतलेली नक्षी तर मूळच्या हाताचा मागमूसहि राहूं देत नाहीं. सुती फडकें व थोडें तेल पुरे आहे. अशी जोहरदार बंदूक उडवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. ती काळ्या दारूसाठीं घडलेली आहे, आणि आजच्या धूरविरहित दारूचा जोर तिच्या नळीस पेलेलच असें नाहीं.

शेवटीं नळीच्या तोंडाकडे पाहावें. दुनळीच्या दोन नळ्या बुडाकडून तोंडाकडे जवळ येत जातात, आणि तोंडाशीं एकमेकींस बहुधा टेकतात. तेथें फट असेल, किंवा ती कथिलानें भरलेली असेल, तर तोंड फुटल्यामुळें वा चेंबल्यामुळें नळी आंखूड केली आहे असें समजावें. तोंडाशीं आंवळलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ पर्यंत, गोळी घालूं नये, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकीत. ते शब्द पोटावर आहेत आणि तोंड मात्र सरळ आहे, अशी नळी आढळली, तर आंवळलेला तुकडा कापला गेला असण्याचा संभव फार मोठा. मग पट्टीवरील तितर कितीहि सुरेख असोत.